ठेंगण्या दाराचे गाणे

मित्रांनो, मी जुना झालो आहे हे मला कुणी सांगावे लागत नाही. माझी दोन बटणे दाबली की खाली जातात आणि वर यायचे विसरतात. तरी अजून मी वाजतो. मी एक बेंजो आहे. दुकानाच्या पाटीवर माझे नाव बुलबुल तरंग असे लिहिलेले होते, पण त्या नावाने मला कधी कोणी हाक मारली नाही. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी गोल बटणे. डाव्या हाताने बटण दाबायचे, उजव्या हाताने तार छेडायची. एवढेच माझे शरीर.

आणीबाणी उठली त्या सुमारास पुण्यातल्या एका बोळात माझा जन्म झाला. गेनबा नावाचे कारागीर होते. कुणाच्या तरी कपाटातून उरलेल्या सागवानी फळीची त्यांनी माझी पेटी केली. तारा लावून झाल्यावर त्यांनी कान जवळ आणला, मान हलवली आणि म्हणाले, "वाजला तर वाद्य. नाही वाजला तर पोरांना पाटीवरच्या पेन्सिली ठेवायला बरा."

पुण्यात कौतुक असेच करतात, हे मला पुढे कळले.

मला घरी नेले ते नागोरावांनी. ते वाशीमकडून कामाला आलेले, कारखान्यात भट्टीपाशी काम करणारे, चांगले उंच गृहस्थ. स्टेशनमागच्या वस्तीत त्यांची एक खोली होती आणि त्या खोलीत त्यांची बायको मुक्ताई. नागोरावांना तेव्हा वाचता येत नव्हते. माझ्या बटणांवर आकडे कोरले होते, पण त्यांचा त्यांना उपयोग नव्हता. मग मुक्ताईंनी बटणांवर तेलरंगाचे ठिपके दिले. निळा, पांढरा, दोन निळे, असे. त्या ठिपक्यांवरून नागोराव वाजवायला शिकले. पुढे वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अक्षरवर्ग सुरू झाला तेव्हा नवरा-बायको दोघेही पाटी घेऊन जाऊन बसले, आणि मोठेपणी का होईना, सही सोडून बाकीचेही लिहू लागले. पण गाणी डोक्यात करायची आणि तोंडात ठेवायची जी सवय लागली होती, ती गेली नाही. नागोरावांचे एकही गाणे कधी कागदावर उतरले नाही.

होय, ते गाणी करत. त्यांची गायन पार्टी होती. सुखदेव नावाचे सोबती ढोलकीवर, नागोराव माझ्यावर, आणि मागे मुक्ताई आणि आणखी दोघीतिघी. एप्रिलमधली जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो, कुणाच्या बाळाचे नाव ठेवायचे असो, आम्हाला बोलावणे यायचे. एकदा लोणी काळभोरला बारशाला गेलो तेव्हा टेम्पोत माझ्यावर कुणीतरी गुळाची ढेप ठेवली होती. अजून पावसाळ्यात मला तिथे चिकट वाटते.

पण मला खरे आवडायचे ते मोठे मांडव नव्हेत. मला आवडायच्या त्या घरातल्या बैठका. सुट्टीच्या दिवशी चार वाजता चहा व्हायचा आणि तेवढ्याशा खोलीत माणसे येऊन बसायची. बायका खाटेवर, पोरे पिठाच्या डब्यावर, बाकीचे उंबऱ्यापर्यंत. लाउडस्पीकर नाही, मांडव नाही. बोलणारा आणि ऐकणारा यांच्या गुडघ्याला गुडघे लागलेले.

त्या बैठकीची एक रीत होती, आणि ती तुम्हाला नीट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे त्या रीतीवर आहे. नागोराव ओळ आधी गायचे नाहीत. ती नुसती बोलायचे, जशी शेजाऱ्याला एखादी गोष्ट सांगावी तशी. मी खाली हळू वाजत असायचो. ओळ बोलून ते थांबायचे. मग ती ओळ बसलेल्या सगळ्यांनी चालीत म्हणायची. याला म्हणायचे ओळ उचलणे. ओळ उचलली की मगच पुढची ओळ. कुणी उचलली नाही तर नागोराव पुढे जायचेच नाहीत. मला मांडीवर आडवे धरून सगळ्यांकडे बघायचे.

"काऊन गप बसले? जेवून आले की झोपून आले?"

मग हशा व्हायचा आणि ओळ दुप्पट जोराने उचलली जायची. मला लहानपणी वाटायचे, ही नुसती गंमत आहे. नंतर ध्यानात आले की नागोरावांना आणि मुक्ताईंना गाणे तसेच पाठ होते. पुढची ओळ त्यांच्या डोक्यात नसायची. ती मागची ओळ उचलणाऱ्यांच्या तोंडातून यायची.

त्यांच्या सगळ्या गाण्यांत एक गाणे घरचे होते. नागोरावांच्या गावी त्यांच्या वडिलांच्या घराचे दार फार ठेंगणे होते. आत जाताना वाकायचे, बाहेर येताना वाकायचे. गावात बाहेर तर वाकावेच लागे, पण स्वतःच्या घरातही. पुण्यात त्यांनी खोली पक्की बांधली आणि मुलगी झाली, तेव्हा त्यांनी दाराची चौकट मुद्दाम उंच केली. इतकी उंच की वर पत्र्याला अडली आणि पत्रा कापावा लागला.

"नागोराव, हत्ती घेणार आहात का?" सुखदेवांनी विचारले.

"लेक झाली आहे," नागोराव म्हणाले. "वाढंल ना ती."

मुलीचे नाव शर्मिला ठेवले त्या दिवशी ते गाणे झाले. नागोराव बोलले:

*बापाचं दार होतं ठेंगणं, ठेंगणं,*
*वाकून आत जाणं, वाकून बाहेर येणं.*

आणि खोलीने ते उचलले. पुढच्या ओळी तुम्हाला इतक्यात सांगत नाही. मीही पुष्कळ वर्षे त्या ऐकल्या नव्हत्या.

दिवस सरले. शर्मिला शिकली, बँकेत लागली, लग्न होऊन वारज्याला फ्लॅटमध्ये राहायला गेली. सुखदेव गेले. पार्टीतल्या बायकांचे गुडघे गेले, त्यांना नातवंडे झाली. रस्ता रुंद झाला आणि आमची खोली उंच चौकटीसकट गेली. त्याआधी दोन पावसाळे नागोरावही गेले होते. त्यांना नेताना मात्र कुणाला वाकावे लागले नाही. खांदेकरी त्या दारातून ताठ बाहेर पडले.

मुक्ताई लेकीकडे राहायला आल्या. येताना एक ट्रंक आणि मी. शर्मिलाताईंनी मला फडक्यात गुंडाळले आणि माळ्यावर ठेवले. त्यांचा काही दोष नव्हता. नव्या घरात नव्या माणसाला आवाज बेताने ठेवावा लागतो. मुक्ताई एकदा भांडी घासता घासता मोठ्याने गुणगुणल्या तर खालच्या मजल्यावरच्या वासंतीकाकू जिन्यात भेटून म्हणाल्या, "आजींचा आवाज छान आहे हो. आमच्या घरात बसून ऐकता येतो, वर यावंसुद्धा लागत नाही."

त्या दिवसापासून शर्मिलाताई म्हणू लागल्या, "आई, हळू." आणि मुक्ताई हळू झाल्या. मग गप्प झाल्या.

माळ्यावरचा काळ मी तुम्हाला काय सांगू? माझ्या तारा एकेक करून गंजल्या. पेटीत एका पालीने संसार थाटला. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, जुना मिक्सर, शर्मिलाताईंच्या बाळंतपणातला पाळणा, असे आम्ही शेजारी होतो. त्यात सगळ्यात वाईट वाटायचे ते मिक्सरला. तो म्हणे, मी बिघडलेलो तरी आहे, तू तर नुसता विसरलेला आहेस.

मला खाली काढले ते राजनंदिनीने. ही शर्मिलाताईंची मुलगी, मुक्ताईंची नात. हिंजवडीला कंपनीत कामाला आणि बाकीच्या वेळात कविता करणारी. तिच्या कविता पुस्तकात छापायच्या नव्हत्या, उभे राहून बोलायच्या होत्या. तिचा मित्र सौरभ गिटार वाजवायचा. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी पंचवीस-तीस माणसे जमायची, सोफे भिंतीला सरकवायचे, चटया घालायच्या, दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. एक कविता बोलायचा, दुसरा तिच्याखाली वाजवायचा. त्या मुलांना वाटायचे की हे काहीतरी नवीन आहे. मी माळ्यावरून त्यांच्या या गप्पा ऐकत होतो आणि मला हसू येत होते, पण धड तारा नसल्यामुळे ते बाहेर आले नाही.

या वेळची बैठक आमच्याच घरी होती. राजनंदिनी मला शोधत नव्हती. तिला भिंतीवर टांगायला काहीतरी जुने हवे होते.

"हे काय आहे? टाइपरायटर?" सौरभने विचारले.

"आजोबांचा बेंजो. याच्यावर छोटे लाइट सोडू. बॅकग्राउंडला मस्त दिसेल."

मी मनात म्हटले, चला, निदान दिव्याखाली मरण आले.

पण तेवढ्यात मुक्ताई आतून आल्या. त्यांनी मला पाहिले आणि पदराने माझी बटणे एकेक पुसत गेल्या. निळा ठिपका, पांढरा, दोन निळे. मग खाली बसून अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बापाचं दार होतं ठेंगणं, ठेंगणं. वाकून आत जाणं, वाकून बाहेर येणं."

आणि थांबल्या.

राजनंदिनीचे डोळे चमकले. "आजी, हे आजोबांचं? थांब थांब, रेकॉर्ड करते. सौरभ, पंखा बंद कर. हं, आजी, परत म्हण. आम्ही एकदम शांत बसतो."

पंखा बंद झाला. मुक्ताई पुन्हा म्हणाल्या आणि पुन्हा त्याच जागी थांबल्या. त्यांनी राजनंदिनीकडे पाहिले, सौरभकडे पाहिले. दोघेही श्वास रोखून बसलेले. मोबाइल पुढे धरलेला. किती आदराने बसली होती ती मुले! पण खोलीत एवढा आदर झाला की आवाजाला जागाच उरली नाही.

"पुढचं, आजी?"

"विसरले गं," मुक्ताई म्हणाल्या.

मित्रांनो, त्या विसरल्या नव्हत्या. त्या वाट बघत होत्या. हे त्या खोलीत फक्त मला कळत होते, आणि माझ्या अंगावर एकही धड तार नव्हती. मुक्ताईंनी पूर्वी एकदा ते गाणे लिहून काढायचाही प्रयत्न केला होता. दुसऱ्या ओळीपाशी पेन थांबले ते थांबलेच. कागद कुठे ओळ उचलतो?

त्यानंतर चार-पाच दिवस त्या अस्वस्थ होत्या. एका सकाळी शर्मिलाताईंना म्हणाल्या, "घर गेलं, चौकट गेली, त्याचं मला काही नाही. पण ते गाणं माझ्यासंगं गेलं तर तुझ्या बापाला मी काय तोंड दाखवू?" शर्मिलाताई डबा भरत होत्या. त्या डब्यात चमचा ठेवायचा विसरल्या.

भिंतीवर टांगायचे मात्र राहिले. सौरभने मला घरी नेले. त्याने गिटारच्या सगळ्यात बारीक तारा मला लावल्या आणि बॉलपेनांच्या स्प्रिंगा काढून माझ्या बटणांखाली बसवल्या. पालीचे बिऱ्हाड हलवले. दोन बटणांनी शेवटपर्यंत ऐकले नाही. "राहू दे," तो म्हणाला, "ते दोन सूर आपण टाळू."

रविवारी पाचला बैठक भरली. तीसेक माणसे, बहुतेक तरुण. राजनंदिनीने सुरुवातीला हात जोडून सांगितले, "खाली काकू आहेत, त्यामुळे टाळ्या नाहीत. आवडलं तर चुटकी. आणि प्लीज, कविता चालू असताना कुणी बोलू नका."

पहिल्या मुलाची कविता झाली आणि तीस जणांनी चुटक्या वाजवल्या. मुक्ताई कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. शेजारच्या मुलीला त्यांनी हळूच विचारले, "काऊन गं, कुत्र्याला बोलावतात का?" ती मुलगी तोंड दाबून हसली.

मग राजनंदिनी उभी राहिली. सौरभने गिटार बाजूला ठेवून मला मांडीवर घेतले. ती कविता बोलायला लागली. हातात कागद नव्हता. कंपनीजवळ राहायला ती भाड्याने फ्लॅट बघायला गेली होती, त्याची ती कविता होती.

*बाल्कनी दाखवली. नळाला पाणी दाखवलं.*
*सकाळचं ऊन कुठून येतं तेही दाखवलं.*
*मग विचारलं, पूर्ण नाव काय तुमचं?*
*दार उघडंच होतं. मी बाहेर उभी होते.*

ती थांबली. कवितेत असे थांबायचे असते, लोकांच्या मनात उतरावे म्हणून. आणि त्या शांततेत कोपऱ्यातून खणखणीत आवाज आला, चालीत:

"दार उघडंच होतं, मी बाहेर उभी होते!"

मुक्ताई होत्या. रीतीप्रमाणे ओळ आली, थांबली, त्यांनी उचलली. माणसे वळून बघू लागली. कुणीतरी "शूऽऽ" केले. राजनंदिनी लाल झाली.

"आजी, प्लीज. मध्ये नको ना."

मुक्ताईंनी पदर तोंडाशी धरला. इतक्या वर्षांनी मोठा झालेला आवाज पुन्हा आत गेला. सौरभच्या बोटांनी मात्र, त्याचे त्यालाच कळायच्या आत, मुक्ताईंची चाल माझ्या ठिपक्यांवर पकडली होती आणि ती तो सोडत नव्हता.

राजनंदिनीने पुन्हा सुरुवात केली. "दार उघडंच होतं. मी बाहेर उभी होते." आणि पुढे काही येईना. पाठ असलेली कविता, स्वतःची कविता, पण पुढची ओळ गेली. तिने डोळे मिटले. "दार उघडंच होतं. मी बाहेर उभी होते." तीस माणसे आदराने गप्प. मला तो आदर ओळखीचा होता.

शर्मिलाताई स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. घरात हळू बोला असे रोज सांगणाऱ्या शर्मिलाताई. लेक अडलेली, पलीकडे आई पदरात तोंड घालून बसलेली. त्यांनी ट्रे फ्रिजवर ठेवला आणि लहानपणी पिठाच्या डब्यावर बसून जसे म्हणायच्या तसे, मोकळ्या गळ्याने म्हटले:

"दार उघडंच होतं, मी बाहेर उभी होते!"

मुक्ताईंनी मान वर केली. लेकीच्या आवाजात त्यांनी आपला आवाज घातला. मग मुक्ताईंच्या शेजारची ती हसलेली मुलगी, मग सौरभ, मग चटईवरची पहिली रांग. ओळ उचलली गेली, मित्रांनो, आणि राजनंदिनीच्या तोंडातून पुढची ओळ अशी आली जशी बादली विहिरीतून वर येते.

*मी नाव सांगितलं, पूर्ण सांगितलं, मोठ्याने सांगितलं.*
*वाकून सांगायचं असतं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.*

तीही ओळ उचलली गेली. कविता संपली तेव्हा चुटक्या कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. सरळ टाळ्या पडल्या.

राजनंदिनी आजीकडे बघत राहिली. तिला आता कळले होते. ती येऊन आजीच्या पायाशी चटईवर बसली. मोबाइल तिने काढला नाही. "आजी, तू म्हण. मी उचलते."

मुक्ताई बोलल्या, "बापाचं दार होतं ठेंगणं, ठेंगणं."

नातीने उचलले. घराने उचलले.

"वाकून आत जाणं, वाकून बाहेर येणं."

पुन्हा उचलले. आणि मुक्ताई थांबल्या नाहीत:

*मी केली चौकट उंच तुझ्यासाठी, लेकी गं,*
*ताठ मानेनं ये तू, ताठ मानेनं जाणं.*

शर्मिलाताईंना रडू आले, पण ओळ त्यांनी सोडली नाही. रडत रडत उचलली. मी त्या दोन बंद बटणांना वळसा घालून जीव तोडून वाजत होतो. कडव्यामागून कडवे येत होते आणि शेवटचे कडवे जवळ आले होते, ज्यात रचणाऱ्याचे नाव असते. इतक्यात दाराची बेल वाजली.

सगळे एकदम गप्प. दारात वासंतीकाकू.

"काकू, सॉरी, आठपर्यंतच आहे," राजनंदिनी घाईने उठली.

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "आठला अजून पाच मिनिटं आहेत. मग बंद का केलंत? खाली मी कुकर बंद करून ऐकत होते. आता शेवट ऐकल्याशिवाय मला भाजीत मीठ घालणं सुचायचं नाही." आणि चपला ढिगात काढून त्या आत येऊन बसल्या.

मुक्ताई हसल्या. मग सावकाश, शेजारणीला गोष्ट सांगावी तसे, शेवटचे कडवे बोलल्या:

*नागोराव म्हणे, दार उद्या राहील न राहील,*
*आला तो माणूस घरात ओळ ठेवून जाईल.*

ते सगळ्यांत जोरात कुणी उचलले, हे मी सांगायला नको. वासंतीकाकूंचा सूर मात्र माझ्या बंद बटणांसारखाच होता.

आता मी भिंतीवर नाही आणि माळ्यावरही नाही. टीव्हीशेजारी, हाताला येईल असा ठेवलेला असतो. महिन्यातून एका रविवारी चटया पडतात. राजनंदिनी पाहुण्यांना मोबाइल बंद ठेवायला सांगते, पण तोंड बंद ठेवायला सांगत नाही. ते गाणे आता तीसएक तोंडांत आहे. मुक्ताई परवा शर्मिलाताईंना म्हणाल्या, "आता मी कवाबी जायला मोकळी," तर ताई म्हणाल्या, "आई, गप. पुढच्या रविवारी बैठक आहे."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी पडलेले असेल तर त्याची धूळ पुसा, गंजलेली तार बदला. पण पुसून काचेच्या कपाटात ठेवू नका. आणि घरात कुणी म्हातारे माणूस एखादी ओळ बोलून मध्येच थांबले, तर ते विसरले असे समजू नका. आदराने गप्पही बसू नका. चूक झाली तरी चालेल, सूर लागला नाही तरी चालेल. ती ओळ तेवढी उचला. पुढची त्यांच्यापाशी आहे.

चला, मीच सुरुवात करतो.

बापाचं दार होतं ठेंगणं, ठेंगणं…

काऊन गप बसले?